ओझे, वाट आणि चाक : प्राचीन चीनमधील एकचाकी गाडा व बारामती-इंदापूर परिसरातील मालवाहतूक – एक तुलनात्मक अभ्यास

प्रस्तावना

मानवी संस्कृतीच्या इतिहासात चाकाच्या शोधाचे महत्त्व सर्वमान्य आहे. परंतु चाकाचा इतिहास लिहिताना रथ, बैलगाडी व आगगाडी या वाहनांकडे जितके लक्ष पुरविले जाते, तितके माणसाने स्वतः ढकलावयाच्या एकचाकी गाड्याकडे पुरविले जात नाही. आज आपल्याकडे बांधकामाच्या जागी माती, वाळू व काँक्रीट वाहून नेणारे हे साधन सर्वांच्या परिचयाचे आहे. प्राचीन चीनमध्ये मात्र ते बांधकामाचे किरकोळ साधन नसून धान्य, सामान व माणसे वाहून नेणारे प्रवासी वाहन होते. सैन्याच्या रसदीसाठीही त्याचा उपयोग झाल्याची परंपरा आहे.

ज्या काळात चीनमध्ये हा गाडा रूढ होत होता, त्याच काळात दख्खनच्या पठारावर दोन चाकांची गाडी सुपरिचित होती. तरीही भीमा-नीरा खोऱ्यातील परंपरागत साधनांत एकचाकी गाड्याला स्थान मिळाले नाही. येथे माल बैलाच्या पाठीवर, तट्टावर, गाडीत किंवा माणसाच्या डोक्यावर गेला. असे का झाले, हा प्रस्तुत निबंधाचा प्रश्न आहे. 'मागासलेपणा' हे या प्रश्नाचे वसाहतकाळापासून दिले गेलेले उत्तर होय. ते उत्तर पुराव्याच्या कसोटीस उतरत नाही, आणि ते स्वीकारल्यास ओझे प्रत्यक्षात कोणी वाहिले हा अधिक महत्त्वाचा प्रश्न झाकला जातो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

१) प्राचीन चीनमधील एकचाकी गाड्याच्या उदयाचा आढावा घेणे.
२) रेल्वेपूर्व काळातील बारामती व इंदापूर परिसरातील मालवाहतुकीचे स्वरूप समजून घेणे.
३) वाहतुकीच्या साधनांची निवड आणि श्रमाचे मोल यांतील संबंध तपासणे.

प्रस्तुत निबंधासाठी वर्णनात्मक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे.

प्राचीन चीनमधील एकचाकी गाडा

चीनमधील एकचाकी गाड्याचा निःसंदिग्ध दृश्य पुरावा हान राजवटीच्या (इ.स.पू. २०६ ते इ.स. २२०) उत्तरार्धातील आहे. सिचुआन प्रांतातील चेंगदू येथील इ.स. ११८ च्या एका थडग्यातील चित्रात गाडा ढकलणारा माणूस दिसतो. शानदोंग प्रांतातील वू ल्यांग यांच्या स्मारकमंदिरात (सुमारे इ.स. १५१) दोंग यॉंग या पितृभक्त पुत्राच्या कथेचे शिल्प आहे. त्यात त्याचा वृद्ध पिता अशाच लहान गाड्यावर बसलेला दाखविला आहे.

वाङ्मयीन उल्लेख याहून मागे जातात. 'उत्तर हान राजवटीचा इतिहास' या पाचव्या शतकात रचलेल्या ग्रंथात बाओ श्वान या गरीब विद्वानाची कथा येते. त्याच्या श्रीमंत घरातून आलेल्या पत्नीने माहेरचा थाटमाट परत पाठविला, साधी आखूड वस्त्रे नेसली आणि पतीबरोबर लहान गाडा घेऊन ती सासरच्या गावी गेली. हा प्रसंग इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या अखेरचा मानला जातो. इ.स. २० नंतरच्या बंडाळीच्या काळात झाओ शी या गृहस्थाने मित्राची पत्नी आजारी असल्याचे सांगून तिला अशाच गाड्यावरून लुटारूंच्या तावडीतून सोडविल्याचीही कथा आहे. या ग्रंथांत गाड्यासाठी 'लू-छे' हा शब्द येतो. तो प्रत्येक ठिकाणी एकचाकी गाड्याचाच वाचक आहे काय, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. मात्र हे वाहन सामान्य, किंबहुना निर्धन माणसाचे होते, ही गोष्ट या सर्व कथांत समान आहे. बाओ श्वानच्या पत्नीचे मोठेपण सांगण्यासाठी कथाकाराने तिला गाड्याला हात लावायला लावला, कारण गाडा हे गरिबीचे चिन्ह होते.

या साधनाचे नाव सर्वाधिक जोडले गेले ते शू राज्याचा मंत्री व सेनापती झुगे ल्यांग (इ.स. १८१ ते २३४) याच्याशी. सिचुआनमधून उत्तरेकडील वेई राज्यावर स्वारी करताना छिनलिंग पर्वत ओलांडावा लागे. तेथील वाट अनेक ठिकाणी कड्यात तुळया रोवून त्यावर फळ्या टाकून केलेली होती. अशा वाटेने सैन्याला धान्य पुरविणे ही त्याची मोठी अडचण होती. त्यासाठी इ.स. २३१ मध्ये 'लाकडी बैल' आणि इ.स. २३४ मध्ये 'सरपटता घोडा' ही साधने वापरल्याची नोंद चिनी इतिहासग्रंथांत आहे. एका माणसाचे वर्षभराचे धान्य त्यावर मावे, ते दिवसाला २० ली, म्हणजे सुमारे आठ किलोमीटर जाई आणि माणूस फारसा थकत नसे, असे वर्णन मिळते. ही साधने म्हणजे एकचाकी गाड्याचेच सुधारलेले प्रकार होत, असे अकराव्या शतकातील चिनी लेखक गाओ छेंग याने म्हटले असून आधुनिक काळात जोसेफ नीडहॅम यांनीही त्यास दुजोरा दिला आहे. हे मत सर्वमान्य नाही. तरीही झुगे ल्यांग हा गाड्याचा आद्य संशोधक नव्हता, हे चेंगदूच्या चित्रावरून स्पष्ट होते, कारण ते त्याच्या जन्माच्या सुमारे साठ वर्षे आधीचे आहे.

चिनी गाड्याच्या रचनेत एक वैशिष्ट्य आढळते. युरोपात बाराव्या-तेराव्या शतकांपासून दिसू लागलेल्या गाड्यात चाक पुढच्या टोकाला असते, त्यामुळे ओझ्याचा मोठा भाग ढकलणाऱ्याच्या हातांवर येतो. चीनमध्ये पुढे सर्वत्र पसरलेल्या प्रकारात मोठे चाक मध्यभागी असते आणि माल त्याच्या दोन्ही अंगांना रचला जातो. जवळजवळ सर्व भार आसावर येत असल्याने माणसाला केवळ तोल सांभाळून गाडा पुढे रेटावा लागतो. पाऊलवाटेपुरती किंवा शेताच्या बांधाएवढी जागा त्यास पुरते. दाट वस्तीच्या आणि चराऊ कुरणे कमी असलेल्या प्रदेशात ओढकामाचे जनावर न पाळता दूरवर माल नेण्याची सोय या गाड्याने केली. पाचव्या शतकातील ग्रीसमधील एल्युसिस येथील कोरीव हिशेबांत, म्हणजे इसवी सनापूर्वीच्या काळातच, एकचाकी साधनाचा उल्लेख असल्याचे काही अभ्यासक मानतात. तथापि, दीर्घ पल्ल्याच्या वाहतुकीचे साधन म्हणून त्याचा अखंड इतिहास चीनमध्येच आढळतो.

समकालीन दख्खन : गाडी आणि पाठाळ

दख्खनला चाक अपरिचित नव्हते. प्रवरेकाठच्या दायमाबाद येथे १९७४ मध्ये सापडलेल्या ताम्रपाषाणयुगीन ब्राँझ वस्तूंमध्ये दोन बैल जोडलेला दुचाकी रथ व त्यावर उभा असलेला सारथी आहे. चीनमध्ये 'लू-छे'चे उल्लेख ज्या काळाबद्दल येतात, त्याच इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहिलेल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणहून अकीक आणि तेरहून कापड भडोचच्या बंदरात जात असल्याचे नमूद आहे. हा माल रस्ते नसलेल्या विस्तीर्ण प्रदेशातून गाड्यांवर लादून नेला जाई, असे तो लेखक सांगतो. म्हणजे सातवाहनकालीन दख्खनमध्ये लांब पल्ल्याची गाडीवाहतूक चालू होती.

ही गाडी पठारावर चाले, घाटात नव्हे. जुन्नर व कोकण यांना जोडणारा नाणेघाट हा पायऱ्या-पायऱ्यांचा चढ आहे आणि तेथून चाक उतरणे शक्य नाही. घाटमाथ्यावर माल गाडीतून उतरवून बैलाच्या किंवा माणसाच्या पाठीवर घालावा लागे. जो व्यापारी देशावरून कोकणात जाणार, त्याला आरंभापासूनच पाठाळावर माल लादणे सोयीचे होते. चीनमध्ये अरुंद वाटेच्या प्रश्नाला एक चाक हे उत्तर मिळाले. दख्खनमध्ये त्याच प्रश्नाचे उत्तर बैलाच्या पाठीवरची गोणी हे होते.

भीमा-नीरा खोऱ्यातील वाहतूक

आजचे बारामती व इंदापूर हे तालुके भीमा, नीरा व कऱ्हा या नद्यांच्या प्रदेशात वसलेले आहेत. नीरा-नरसिंहपूर येथे भीमा-नीरेचा संगम होतो. पाऊस थोडा व बेभरवशाचा आणि माळरान विपुल, असे या भागाचे पूर्वापार स्वरूप आहे. सुपे, बारामती व इंदापूर हे परगणे शहाजीराजांच्या जहागिरीशी संबंधित होते. अठराव्या शतकात बाबूजी नाईक बारामतीकरांच्या सावकारीमुळे बारामती हे पैशाच्या उलाढालीचेही केंद्र बनले. कवी मोरोपंतांना (१७२९ ते १७९४) याच घराण्याचा आश्रय होता.

या कोरड्या माळाने जनावरांना चारा दिला. भीमेच्या थडीवर पैदास होणारी 'भीमथडीची तट्टे' लहान चणीची, काटक व कमी खाण्यावर दूर जाणारी म्हणून प्रसिद्ध होती. मराठी फौजांच्या वेगवान हालचालींत त्यांचा वाटा मोठा होता. बारामती ज्या तालुक्याचे मुख्य ठिकाण होते, त्याचे नावही ब्रिटिश काळात भीमथडीच होते. मोठ्या प्रमाणावरील धान्य व मीठ यांची वाहतूक लमाण-वंजारी तांड्यांकडे होती. एकेका तांड्यात दहा-बारा हजार बैल असल्याचे सतराव्या शतकातील फ्रेंच प्रवासी टॅव्हर्नियर याने लिहून ठेवले आहे. हे तांडे कोकणातून मीठ वर आणीत, देशावरचे धान्य खाली नेत आणि मोहिमांच्या वेळी सैन्याला रसद पुरवीत. झुगे ल्यांगला जे काम लाकडी बैलाकडून करून घ्यावे लागले, ते येथे जिवंत बैल वाटेवर चरत करीत होता. त्यामुळे माणसाने गाडा ढकलत धान्य दूरवर नेण्याचा प्रश्न येथे व्यापाऱ्यापुढे उभाच राहिला नाही.

जमिनीचाही यात भाग आहे. काळ्या मातीत पावसाळ्यात चाक रुतते. सारा भार एकाच अरुंद चाकावर असेल तर ते अधिकच खोल जाते. जुना देशी गाडा भरीव लाकडी चाकांचा, क्वचित दगडी चाकांचाही, असे. तो अत्यंत जड असून त्यास अनेक बैल जुंपावे लागत आणि त्याचा उपयोग मुख्यतः गावाच्या शिवारातच होई. 'चाकोरी' हा शब्द मराठीत रूढ जीवनक्रमाला लावला जातो. तो मुळात चाकांनी जमिनीत पाडलेल्या खोल वाटेचा आहे. त्या वाटेतून गाडी सहज बाहेर काढता येत नसे, हा अनुभव शब्दात साठलेला आहे.

परंतु गोणीचा बैल व गाडी ही दोन्ही साधने ज्याच्याकडे जनावर आहे, त्याचीच होती. ज्याच्याकडे जनावर नव्हते त्याच्यासाठी चुंबळ, पाटी व कावड एवढीच साधने उरत. याशिवाय वेठबिगारीची प्रथा होती. सरकारी अधिकाऱ्याचे सामान पुढच्या गावापर्यंत पोहोचविण्याचे सक्तीचे काम महार व इतर कनिष्ठ मानल्या गेलेल्या जातींवर लादले जाई. पेशवाई गेल्यानंतरही ही प्रथा लगेच थांबली नाही. हान काळातील चीनमध्ये निर्धनाच्या वाट्याला निदान एक चाक आले होते. आपल्याकडे ते आले नाही. चीनमधील गरीब सुखी होता असा याचा अर्थ नव्हे. तेथेही वेठ होती आणि गाडा ढकलणारी माणसे हालातच जगत.

गाडीची सुधारणा आणि बाजारपेठ

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंदापूरचे नाव महसुलाच्या इतिहासात ठळकपणे येते. प्रिंगल याने केलेली जमीन पाहणी अपयशी ठरल्यावर गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३६ मध्ये येथे नवी तीस वर्षांची सारापद्धती लागू केली. सारा रोखीने भरावयाचा असल्याने धान्य बाजारात पोहोचणे आवश्यक होते. याच दशकात पाहणी खात्यातील लेफ्टनंट गेसफर्ड याच्या देखरेखीखाली, इंदापूरलगत भीमेपलीकडील टेंभुर्णी येथे, तुलनेने हलक्या गाड्या तयार होऊ लागल्या. १८३० मध्ये बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झालेला असल्याने घाटमाथ्यावरचा जुना अडसरही दूर झाला होता.

१८५८ मध्ये पुण्याहून निघालेला लोहमार्ग इंदापूर तालुक्यातील डिकसळपर्यंत पोहोचला. बारामतीला दौंडशी जोडणारा अरुंदमापी मार्ग मात्र १९१४ मध्ये सुरू झाला. मधल्या काळात शेतापासून स्थानकापर्यंतचा पल्ला बैलगाडीने व्यापला आणि लांबवरच्या वाहतुकीतून लमाणांचे बैल हळूहळू बाजूला झाले. फेरमोजणीच्या अहवालांत गावातील गाड्यांची वाढती संख्या हे समृद्धीचे गमक मानले गेले.

हे गमक अपुरे होते. गाडी व रेल्वे यांनी धान्य बाहेर नेले, त्याचबरोबर दूरच्या बाजारातील भावाची चढउतार गावात आणली आणि सावकाराचे कर्ज वाढविले. १२ मे १८७५ रोजी दख्खनच्या शेतकऱ्यांच्या उठावाला भीमथडी तालुक्यातील सुपे या बाजाराच्या गावी तोंड फुटले. चाकाची सुधारणा झाली म्हणजे ओझे हलके होतेच असे नाही, हे या घटनेतून दिसते.

नीरा डावा कालवा आणि डोक्यावरची पाटी

पुढच्याच वर्षी, १८७६-७७ मध्ये, भीषण दुष्काळ पडला. दुष्काळी काम म्हणून नीरा डाव्या कालव्याची खोदाई हाती घेण्यात आली. वीर येथून निघणारा, सुमारे १०० मैल लांबीचा हा कालवा पुढे बारामती-इंदापूरच्या शेतीचा कायापालट करणारा ठरला. अशा कामांची सर्वसाधारण रचना ठरलेली असे. पुरुष कुदळीने खणत आणि स्त्रिया व मुले पाट्यांतून माती डोक्यावर वाहून भरावावर टाकीत.

सर रिचर्ड टेंपल याच्या सल्ल्याने जानेवारी १८७७ मध्ये मजुरी कमी करण्यात आली. प्रौढ पुरुषाला एक पौंड धान्याची किंमत व वर अर्धा आणा मिळे, स्त्रिया व मुलांना त्याहूनही कमी. अनेक ठिकाणी मजुरांनी कामावर जाण्यास नकार दिला आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली.

भारतीय मजुराला एकचाकी गाडा दिला असता त्याने तो मातीसकट डोक्यावर उचलून घेतला, अशी एक गोष्ट वसाहतकाळात विनोद म्हणून वारंवार सांगितली जाई. तिचा ऐतिहासिक पुरावा शोधण्यापेक्षा तिने काय झाकले हे पाहणे उपयुक्त ठरेल. भारतातील रेल्वेच्या उभारणीचा अभ्यास करणाऱ्या इयान केर यांनी १९९५ च्या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे मातीकाम करणारे मजूर कुटुंबाने व जथ्याने काम करीत आणि त्यांची कामाची विभागणी पाटीशी जुळलेली होती. गाड्यासाठी फळ्यांची वाट टाकावी लागते, तर पाटी घेतलेली स्त्री भरावाच्या उभ्या चढावर सरळ चढते. अंतर थोडे असेल तर गाड्याचा लाभही थोडाच होतो. शिवाय जेथे स्त्रीची व मुलाची रोजची मजुरी एवढी क्षुल्लक होती, तेथे गाडे विकत घेण्यात कंत्राटदाराला फायदा नव्हता. दुष्काळी कामात तर अधिकाधिक माणसे कामावर लावणे हाच हेतू असल्याने श्रम वाचविणारे साधन त्या हेतूशी विसंगतच ठरले असते. तेव्हा एकचाकी गाडा न येण्याचे कारण मजुराच्या अज्ञानात नसून त्याच्या श्रमाच्या स्वस्ताईत होते.

तुलनात्मक विवेचन

वरील विवेचनातून दोन पातळ्या वेगळ्या कराव्या लागतात. लांब पल्ल्याच्या वाहतुकीत भीमा-नीरा खोऱ्याने एकचाकी गाडा स्वीकारला नाही, हा परिस्थितीला धरून असलेला निर्णय होता. माळ, चारा, बैल, तट्टू, काळी माती व घाट यांचा विचार करता पाठाळ हेच येथील कार्यक्षम साधन होते. सिचुआनमधील परिस्थिती निराळी असल्याने तेथील उत्तर निराळे आले. येथे कोणा एकाला प्रगत व दुसऱ्याला मागास ठरविण्याचे कारण नाही.

थोड्या अंतरावरील मातीकामाची गोष्ट मात्र तशी नाही. तेथे प्रश्न भूगोलाचा कमी व सामाजिक रचनेचा अधिक होता. ज्यांच्या डोक्यावर ओझे होते त्यांना साधन निवडण्याचा अधिकार नव्हता आणि ज्यांना तो होता त्यांना ओझ्याचा भार जाणवत नव्हता. ही स्थिती १८७७ बरोबर संपली नाही. १९७२ च्या दुष्काळात पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील कामांवर खडी फोडणारे व घमेल्याने माती वाहणारे हात बहुतांशी स्त्रियांचे होते. त्या अनुभवातून विस्तारलेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ मध्ये कायद्याचे रूप मिळाले, पण माती वाहण्याची पद्धत फारशी बदलली नाही. नीरा कालव्याच्या पाण्यावर वाढलेला ऊस आजही अनेक ठिकाणी मोळी बांधून, डोक्यावर घेऊन, अरुंद फळीवरून ट्रकमध्ये चढविला जातो.

निष्कर्ष

१) चीनमधील एकचाकी गाडा इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आरंभापूर्वी प्रचारात आलेला होता. तो झुगे ल्यांगची एकट्याची निर्मिती नव्हे.
२) मध्यभागी चाक असलेल्या रचनेमुळे तो अरुंद वाटांवर जनावराविना माल नेण्यास योग्य ठरला.
३) दख्खनमध्ये त्याच गरजेची पूर्तता पाठाळ बैल व तट्टू यांनी केली. यास तांत्रिक मागासलेपण म्हणता येत नाही.
४) मातीकामात डोक्यावरची पाटी टिकून राहिली, ती मुख्यतः स्त्रिया व भूमिहीन यांच्या श्रमाला मिळालेल्या अल्प मोलामुळे.

शेवटी एक सूचना करावीशी वाटते. बैलगाडीचे तुंबा, आरे, धाव, साटा, शिवळ हे शब्द आज सुतार-लोहारांच्या जुन्या पिढीपुरते उरले आहेत. १९७२ मध्ये ज्यांनी घमेली वाहिली, त्यांतील तेव्हाच्या तरुण मजूर स्त्रियांनीही आता सत्तरी ओलांडली आहे. बारामती व इंदापूर परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी विद्यार्थ्यांकरवी हे शब्द व या आठवणी नोंदवून घेतल्यास स्थानिक इतिहासाचे एक अस्सल साधन तयार होईल. नीरा कालव्याचे अभियंते व अधिकारी दप्तरांत नोंदले गेले आहेत. त्या कालव्याची माती ज्यांनी वाहिली त्यांची नावे मात्र कोठेही लिहिली गेली नाहीत. निदान १९७२ च्या पिढीबाबत ती चूक टाळणे अजून आपल्या हाती आहे.